तोंडातली टाचणी

दादा-वहिनी कामाला गेले आणि सुट्टी लागलेल्या दोन्ही पोरी माझ्या शिवणखोलीत सोडून गेले. म्हणे, "आत्याकडे फुलं करा." आत्याकडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग पडलाय, त्याचं कोणाला काय! पण वसंत ऋतू आला की खिडकी सजवायची हा पोरींचा हट्ट, आणि भाच्यांपुढे माझं काही चालत नाही.

थोरली रंगीत कागदाच्या पट्ट्या कापत होती. मी चुण्या घालून मधोमध टाचणी मारली की झालं फूल. धाकटी, आमची चिमणी, चार वर्षांची. ती टाचण्यांची डबी धरून बसली होती. ते काम तिला द्यायची अक्कल माझीच.

"चिमणे, पिवळा कागद दे गं."

कागद मिळाला, पण शब्द नाही. एरवी ही पोर झोपेतसुद्धा बडबडते.

"काय गं, मूग गिळलेस का?"

थोरली खुदकन हसली. "आत्या, ती तुझ्यासारखं करतेय."

मी वळून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले आणि मधोमध टाचणीचं इवलंसं डोकं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तो घशाशी आला आणि मी तसाच दाबला. दचकून पोरीने श्वास आत ओढला तर? टाचणी थेट घशात! मग दादाला कुठल्या तोंडाने सांगू?

"चिमणे, बाळा, आ कर बरं," मी हळूच म्हणाले.

तिने मान हलवली. नाही.

"शहाणी ना माझी? दे ती मला."

पुन्हा नाही. उलट तिने ओठ आणखी आत घेतले, आणि ते डोकंही दिसेनासं झालं. अगं बाई, गिळली की काय! थोरली रडवेली होऊन काही बोलणार, तोच मी तिला डोळ्यांनी दटावलं.

चिमणीने बोट उचललं आणि माझ्या तोंडाकडे दाखवलं.

माझ्याही ओठांत टाचण्या होत्या. इतका वेळ मी त्या तशाच धरून बोलत होते. शिवताना दोन्ही हात कापडात गुंतलेले, म्हणून टाचण्या ओठांत. मेली जन्माची सवय, त्या आहेत हेही मला कळत नाही.

एकेक काढून मी डबीत टाकली आणि तिच्यापुढे मोठा आ केला. तिने वाकून, मान तिरकी करून नीट आत पाहिलं. मग तिनेही आ केला. टाचणी जिभेवर आडवी पडली होती. ती मी दोन बोटांनी अलगद उचलली.

आता चांगली खडसावणार होते, पण तिला छातीशी धरलं आणि मलाच रडू कोसळलं.

चिमणी घाबरली. माझी हनुवटी धरून म्हणाली, "आत्या, तुला टोचली का गं?"

"हो गं बाळा," म्हटलं, "टोचली."

"मग तू का ठेवतेस तोंडात?"