चौथी वायर

"सकाळपासून काय काय केलंत ते क्रमाने सांगा," समुपदेशक मॅडम म्हणाल्या, आणि मी सांगता सांगता एका लिफ्टपाशी अडकलो.

हा आमचा नेहमीचा सराव. मला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी टिकत नाही, हातातलं काम सोडून डोकं भलतीकडेच पळतं. हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी नुसताच बेजबाबदार होतो. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर मला घाईराव म्हणतात. घरी बायको काय म्हणते ते राहू द्या. गेले आठ महिने दर बुधवारी दुपारी मी इथे येतो. आधी वाटलं होतं, बाई समोर बसवून उपदेशाचे डोस पाजतील. पण त्यांना माझ्या विसरण्यात फारसा रस नव्हता. विसरल्यावर मी काय करतो, हे त्या खोदून खोदून विचारायच्या. काय करणार? थाप मारतो. तीही इतक्या सफाईने की मलाच खरी वाटते.

"जेवून एका चार मजली इमारतीत गेलो," मी सांगत होतो. "दाराचं लॉक कुरकुरत होतं. जम्पर लावून तपासलं. तेवढ्यात साहेबांचा फोन. दुसरीकडे कधी पोचणार म्हणून झापत होते. मग पेटी बंद केली, निघालो..."

इथे माझी जीभच अडकली.

जम्पर म्हणजे वायरीचा वीतभर तुकडा. दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तपासणी करताना ती अडवणूक थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते, म्हणून कंट्रोलच्या पेटीत जम्पर लावतात. काम झालं की काढतात. राहिला, तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट चालू पडते. माणसाचा एक पाय आत असला तरी.

"जम्पर काढलात?" मॅडमनी विचारलं.

"काढला की."

"आत्ता तुमचा आवाज बदलला."

असा राग आला म्हणता! "तुमचं काय जातंय हो खुर्चीत बसून बोलायला?" मी ओरडलोच. मी तिरीमिरीत पिशवी गालिच्यावर उलटी केली. पकड, टेस्टर, अर्धं बिस्कीट, कुणाची तरी किल्ली. जम्परच्या लाल वायरी तीन. असायला हव्यात चार. पण चौथी मागच्या आठवड्यातच हरवली असेल तर? माझ्या पिशवीत काय असतं ते देवालाही सांगता यायचं नाही.

"रखवालदाराला फोन करून लिफ्ट बंद करायला सांगतो," मी म्हणालो. घंटा वाजत राहिली, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"लिफ्ट आणखी कोण बंद करू शकतं?"

मला माहीत होतं. सांगायचं नव्हतं. आमच्या साहेबांचं ऑफिस त्या इमारतीच्या बरोब्बर समोर आहे. आणि मागच्याच महिन्यात, न केलेल्या कामावर मी सही ठोकली म्हणून साहेबांनी बजावलं होतं, आता एक चूक झाली की घरी बसायचं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नाही.

"मॅडम, काढला असेल हो. हाताला सवय असते."

"असेलही," त्या म्हणाल्या. "विसरणं तुमच्या हातात नव्हतं. हा फोन तुमच्या हातात आहे. तुम्ही केला नाहीत तर नंबर द्या, मी करते. पण तुम्हीच करावा असं मला वाटतं."

मी साहेबांचा नंबर लावला. "साहेब, समोरची लिफ्ट बंद करा. आत्ता. जम्पर काढला की नाही, मला आठवत नाही." पलीकडून एक शिवी ऐकू आली आणि फोन कट झाला. मी पिशवी तिथेच टाकून पळत सुटलो; कंपनीची गाडी काढायचंही सुचलं नाही. सात मिनिटांचा रस्ता. सिग्नल, हातगाड्या, शिव्या, काही दिसत नव्हतं. सगळा वेळ मी एकच म्हणत होतो, काढला असू दे, काढला असू दे.

इमारतीत शिरलो तर वरून बाईच्या ओरडण्याचा आवाज. चार जिने चढून गेलो तेव्हा छाती फुटायची बाकी होती.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं. लिफ्ट वीतभर खाली जाऊन थांबलेली. एक वॉकर तिरका झालेला, त्याचे पुढचे दोन पाय लिफ्टमध्ये, मागचे दोन अधांतरी. भिंतीला टेकून एक आजोबा फरशीवर बसले होते, आणि त्यांची सून दोन्ही हातांनी त्यांची कंबर अजून धरून होती. खालून कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट निघाली, आणि तेवढ्यात, रखवालदाराला शोधून कुलूप उघडायला लावून, साहेबांनी तळमजल्यावरचा मेन स्विच पाडला होता.

साहेब माझ्या मागोमाग धापा टाकत वर आले. पेटी तिथेच, चौथ्या मजल्यावर. मी उघडली. लाल वायर जागच्या जागी होती.

साहेबांनी ती उपटली आणि खिशात घातली. मग सुनेकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "वायरिंग जुनं झालंय, ताई. होतं असं कधीकधी. आता काही काळजी नाही." आणि माझ्या कानाशी, "तोंड उघडू नकोस. नोकरी शाबूत आहे तुझी."

एवढंच हवं होतं ना मला? सुटलो होतो. पण ती थाप मी ओळखली. माझ्याच तोंडची होती, माझ्याच सफाईची.

"वायरिंग ठीक आहे," मी म्हणालो. "वायर मी लावली होती. काढायला विसरलो. साहेबांच्या खिशात आहे."

सून उठली. "माझ्या हातात होते म्हणून वाचले," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "एक पाऊल मागे असते मी, तर? काय सांगितलं असतंत मग?"

मी तिथेच उभा राहिलो, खाली न बघता. फार जड गेलं.

"गाडीची किल्ली दे," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस." मी दिली. त्यांनी वॉकर काढून आजोबांपुढे ठेवला, दार लावलं, रखवालदाराला हाक मारून मेन स्विच चालू करायला सांगितलं आणि लिफ्ट पातळीवर आणली. "चला आजोबा, बसा. एकदम सुरक्षित आहे."

आजोबा उठले. लिफ्टकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग वॉकर माझ्या दिशेने वळवला.

"तू सांग रे," ते म्हणाले. "जाऊ का यातून?"

साहेबांच्या कपाळावरची शीर उडत होती. हो म्हणायला अर्धा श्वाससुद्धा लागला नसता.

"थांबा," मी म्हणालो. "मला खात्री नाही. तळमजल्यापासून सगळी दारं आधी तपासतो." आणि सुनेला म्हणालो, "ताई, तुम्ही शेजारी उभ्या राहाल? मी मोठ्याने बोलत करतो. काही सुटलं वाटलं की टोका."

तिने सासऱ्यांना खुर्ची आणून दिली आणि पेटीपाशी येऊन उभी राहिली.