नमुन्याचं पातेलं

आमच्याकडे रोज दोन भात शिजायचे. एक दोनशे मुलींचा आणि एक सरकारचा.

मी इथली मुख्य स्वयंपाकीण. मुलींच्या वसतिगृहाला आम्ही जेवण पुरवतो. नियम असा की मुलींना जाणाऱ्या प्रत्येक पदार्थातलं वाटीभर काढायचं, डब्यावर तारीख घालायची आणि दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. कुणाला बाधलंच तर तपासायला. आता मोठ्या पातेल्यातून वाटीभर काढायला असं काय लागतं? पण आमचे मालक दीडशहाणे. म्हणाले, "बाई, परीक्षेला जाताना माणूस धुतलेले कपडे घालतो की नाही?"

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून नमुन्यासाठी छोटं पातेलं वेगळं. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, सकाळी ताजा भात लावायचा, पसरट ताटात निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. वहीत सही माझी. मुलींचा भात मात्र आदल्या संध्याकाळीच शिजायचा आणि झाकण घालून सकाळपर्यंत ओट्यावर बसून राहायचा. एवढं मोठं पातेलं कुठल्या फ्रिजात मावणार? वाफ दिली की ताजा म्हणून खपायचा.

मंगळवारी दुपारी जेवणं झाली आणि दोन-तीन तासांत चौतीस मुलींना उलट्या सुरू झाल्या. दोघींना सलाईन लावावं लागलं.

तपासणीचे साहेब आले, नमुन्याचे डबे घेऊन गेले. चार दिवसांनी निकाल आला, नमुना एकदम स्वच्छ. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले.

मग प्रश्न आला, अन्न चांगलं होतं तर बाधलं कशाने? वाढणारीच्या हाताने, दुसरं काय! वाढणारी म्हणजे माझी धाकटी बहीण. मीच तिला तिथे चिकटवली होती. आमच्या घरी आली तरी धुतलेला कप पुन्हा विसळून घेणारी बाई ती, आणि तिला अस्वच्छ म्हणून घरी बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवरा गेल्यापासून दोन पोरांचं सगळं तिच्याच जिवावर.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडली नाही. नुसती हात बघत बसली होती. म्हणाली, "ताई, खरंच माझ्याच हातांनी झालं असेल का गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, "मी खरं सांगणार." ते शांतपणे म्हणाले, "सांगा की. वहीत माझी सही कुठे आहे?" त्या माणसाच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं. पण बोलून काय उपयोग, सही तर माझीच होती.

गेले तशीच कचेरीत, बहिणीला बरोबर घेऊन. तिचं नाव साफ व्हायला हवं होतं, माझं काय व्हायचं ते होवो. साहेबांना दोन्ही पातेल्यांचं सगळं सांगितलं. ते लिहीत गेले. मग त्यांनी मान वर केली.

"म्हणजे या बाईंचा दोष नाही."

"कणभरही नाही साहेब."

"त्यांना उद्यापासून कामावर घ्यायला सांगतो." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण साहेबांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "नमुन्याचा भात ताटात पसरून लगेच फ्रिजमध्ये का ठेवायचात?"

"तसा ठेवला की बाधत नाही."

"आणि रात्रभर बाहेर राहिलेला बाधतो, हे माहीत होतं?"

"वीस वर्षं स्वयंपाक करतेय साहेब. माहीत नसायला काय झालं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. शेजारच्या खुर्चीतून बहीण माझ्याकडे बघत होती.

"माहीत होतं, ताई," ती म्हणाली, "आणि तरी तोच भात रोज माझ्या हातांनी वाढायला लावलास."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.