आजोबांच्या बरण्या आणि माझ्या पोटातले पाणी

मित्रांनो, ओट्याखाली कोपऱ्यात बसलेला मी एक जुना डिशवॉशर. वय वर्षे बारा. कारखान्यात मला कोणी घडवले ते आठवत नाही, पण या घरात का आणले ते पक्के आठवते. संधिवाताने आजींच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. "आईनं आता एकही भांडं घासायचं नाही," असे लेकाने ठणकावून सांगितले आणि मी आलो.

तेव्हा माझे काय कौतुक! शेजारच्या काकू मुद्दाम मला पाहायला यायच्या. आजी तर धुतलेला पेला खिडकीशी धरून बघत बसायच्या. पुढे कौतुक ओसरले. माझ्या तळाची जाळी कोणी साफ करीना. मीही तोंडातून ब्र काढला नाही. मला तो काढता येत नाही, ही गोष्ट वेगळी!

मग एके दिवशी भांडी धुऊन झाली, तरी तळाशी चार बोटे गढूळ पाणी तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी वास सुटला.

"म्हातारा झालाय तो. शनिवारी भंगारवाल्याला देऊन टाकू," लेक म्हणाला. "नवा पुढच्या वर्षी बघू."

मला फार वाईट वाटले. रडता आले असते, तर तळाचे पाणी आणखी वाढले असते.

आजी पुन्हा भांडी घासायला सिंकपाशी उभ्या राहू लागल्या. गुरुवारी त्यांच्या हातून मोठे पातेले निसटले. दुखरी बोटे पोटाशी धरून, ओठ घट्ट मिटून त्या तशाच उभ्या राहिल्या. आजोबांनी ते पाहिले.

त्यांनी चष्मा लावला, माझी वीज बंद केली आणि मला पुढे ओढून मागची नळी चाचपली. ती कुठेही दुमडलेली नव्हती. मग खालचा रॅक काढून वाटीने पाणी उपसले आणि जाळी फिरवून बाहेर काढली. तिच्यात कागदाचा चिकट लगदा गच्च बसला होता.

तो बघताच आजोबांचा चेहरा पडला. खिळे आणि स्क्रू ठेवायला ते रिकाम्या बरण्या जमवत. लेबले खरवडायचा कंटाळा, म्हणून कोणी बघत नसताना बरण्या तशाच माझ्या पोटात सरकवत. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होते. लगदा गुपचूप केरात टाकला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

ते लगदा घेऊन आजींसमोर गेले. "हा माझ्या बरण्यांचा उद्योग. मशीनला काही झालेलं नाही. तुझे हात माझ्यामुळे दुखले."

"अहो, मला सांगायचंत की! मी दिली असती लेबलं खरवडून."

"या हातांनी?" म्हणत आजोबा जाळी धुवायला वळले.

जाळी धुऊन बसवल्यावर माझ्यातले पाणी घळघळ निघून गेले. शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा आजोबांनी आपल्या सगळ्या बरण्या त्याच्या पोत्यात भरल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर आठवड्यातून एकदा त्याची जाळी धुवा. आणि कधी तो अडलाच, तर त्याला म्हातारा म्हणण्याआधी आपण त्याच्या पोटात काय काय टाकले, ते जरा आठवून बघा.