बाळासाठी ठेवलेलं लुगडं

दवाखान्यातल्या त्या खोलीत एक खाट होती, एक स्टूल होतं आणि एक खिडकी होती. त्यातल्या त्यात खिडकीशीच गंगीचं जरा जमायचं. तिच्यातून आवार दिसायचं, आवारापलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड आणि डाव्या अंगाला फाटक. दाभोशाकडे, तिच्या पाड्याच्या बाजूला, जाणाऱ्या जीपा तिथेच थांबायच्या. खोलीत येणारं माणूस म्हणजे योगिता सिस्टर. तोंडाला मास्क, अंगावर झगा, हातात मोजे असा सगळा साज चढवून ती यायची आणि जाताना तो साज दाराजवळच्या पिवळ्या पिशवीत टाकून, हात धुऊन जायची. गंगी त्या पिशवीकडे बघत बसायची. आपल्याला लागलेलं कापडसुद्धा कुणी जवळ ठेवत नाही, असं तिच्या मनात यायचं आणि मग ती सिस्टरवर उगाच चिडायची. सिस्टर बिचारी भली होती, पण भल्या माणसावर चिडायला सोपं जातं.

एकटं राहायची गंगीला सवयच नव्हती. तिच्या पाड्यावर कुणी अंथरूण धरलं की घर माणसांनी भरून जातं. कुणी पाय चेपतं, कुणी नाचणीची पेज भरवतं, कुणी काहीच न करता कोपऱ्यात तंबाखू मळत बसतं. आजारी माणूस कंटाळून जातं, पण त्याला एकटं म्हणून सोडत नाहीत. गंगीने स्वतः अशी कितीतरी अंथरुणं राखली होती. आता तिची वेळ आली, तर मध्ये दार होतं. पाड्यावरची माणसं एकदा जीप भरून आली, दारातच अडवली गेली, खिडकीबाहेर उभी राहून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. डबा घेऊन येणारा मुलगा सोडला, तर पुन्हा कुणी आलं नाही. खिडकीतून पाय कसे चेपणार?

ह्या खोलीत ती आली तिच्याच हाताने, असं म्हटलं तरी चालेल. राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, झाडाचे टहाळ तोडताना कोयता निसटून नडगीवर बसला. तिने वर पाला बांधला आणि पुन्हा झाडावर चढली. पाय खांबासारखा सुजला तेव्हा पंकजने, तिच्या मुलाने, तिला जव्हारच्या ह्या दवाखान्यात आणून टाकलं. सुरुवातीला ती बायकांच्या मोठ्या वॉर्डात होती आणि खरं सांगायचं तर मजेत होती. जखम भरत आली होती, डॉक्टर घरी सोडायच्या गोष्टी करत होते.

शेजारच्या खाटेवर सकू होती. मोखाड्याकडची म्हातारी, खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगे-सुना भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. सिस्टर यायची, औषध लावायची, कूस बदलून जायची. मग पुढचा सगळा दिवस सकू छताकडे बघत कण्हायची. बाई आजारी आहे आणि जवळ तिचं कुणी नाही, हे गंगीला बघवेना. ती लंगडत उठायची, सकूची पाठ आपल्या पदराने पुसायची, आपल्याच तांब्यातलं पाणी तिला पाजायची. मग खाटेवर परत येऊन आपली पट्टी खाजली की त्याच बोटांनी ती सैल करायची.

"आजी, दुसऱ्याच्या जखमेला हात लावू नका," सिस्टरने तिला बजावलं होतं. "तिच्या जखमेतले जंतू तुमच्या जखमेत जातील."

"नाय लावत," गंगी म्हणाली, आणि सिस्टरची पाठ वळताच तिने सकूची पाठ पुसायला घेतली. सांगणाऱ्याला हो म्हणायचं आणि करायचं ते आपल्या मनाचंच, हा तिचा जुना शिरस्ता होता.

तिथपर्यंतही ठीक होतं. पण गंगीच्या पिशवीत एक लुगडं होतं. जांभळं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. सुनेचे, वर्षाचे, दिवस भरत आले होते आणि हे लुगडं होणाऱ्या बाळासाठी होतं. पाड्यावर बाळाला नवं कापड घालत नाहीत. बापाच्या आईच्या जुन्या लुगड्यात त्याला पहिल्यांदा गुंडाळतात आणि मग ते पोर घरचं झालं असं धरतात. कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून गंगीने ते बरोबरच आणलं होतं. एका दुपारी सकू फारच कण्हायला लागली. दवाखान्याची चादर खरखरीत होती. गंगीने पिशवीतून ते लुगडं काढलं, घडी केली आणि सकूच्या पाठीखाली सरकवलं. काय बिघडलं, नंतर धुऊन टाकू, असं तिने मनाशी म्हटलं.

"बाय, आयशीच्या मांडीवर निजल्यावाणी वाटतं," सकू म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

पुढे सकूला ताप भरला आणि तिला गाडीत घालून नाशिकला नेलं. लुगडं मागे राहिलं, पिवळट डाग पडलेलं. गंगीने ते नळाखाली धुतलं, उन्हात टाकलं, डाग गेले. पण तिची स्वतःची जखम फिरली होती. ती लाल झाली, मग पाणावली, मग तिला वास यायला लागला. सकूच्या पाठीत जे जंतू होते तेच हिच्या पायात निघाले, आणि ते साध्या औषधाला दाद देणारे नव्हते. डॉक्टरांनी तिला ह्या खोलीत हलवलं. इतर बायकांना लागण होऊ नये म्हणून, असं सिस्टरने नीट समजावलं.

"कशाकशातून जातं ते?" गंगीने विचारलं.

"हातातून जातं. कापडातून, भांड्यातून जातं. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण जखम असेल, बाळंतीण असेल, तान्हं बाळ असेल, तर जपायला लागतं."

गंगीने खिडकीच्या गजावर वाळत घातलेल्या लुगड्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ती ते रोज धुऊन तिथेच वाळत टाकायची.

वर्षा बाळंत झाली ती ह्याच दवाखान्यात, आवारापलीकडे. पंकज सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. त्याने रुमाल तोंडाला बांधला होता.

"आये, पोरगी झाली," तो म्हणाला. "बारकी हाय, अगदी मुठीएवढी. डॉक्टरीण बोलली, लय जपा. वजन नाय तिला."

गंगीला इतका आनंद झाला की तिने उठायला पाय खाली टाकलासुद्धा. मग तिला आठवलं आणि तिने तो परत वर घेतला.

"लुगडं दे," पंकज म्हणाला. "वर्षाची आयस साखरशेतवरून आलीय. तिनं बी आणलंय तिचं, पण मी बोललो, पहिलं आमच्या आयेचं. हे वाळतंय तेच ना?"

तो खिडकीकडे दोन पावलं आलाच.  लुगडं स्वच्छ दिसत होतं. ते कुणाच्या पाठीखाली होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. गंगीने पायाची पर्वा न करता झेप घेतली, लुगडं ओढलं आणि छातीशी धरलं.

"नाय देत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

काय म्हंजे? ह्या कापडात रोग आहे, असं सांगावं, तर तो म्हणाला असता, आत्ताच तर धुतलंय, पुन्हा ऊन दाखवू. माझ्या हातात रोग आहे, असं सांगावं, तर ते त्याच्या तोंडून पाड्यावर पोचलं असतं. म्हाताऱ्या बाईचा हात पोराला बाधतो, हे बोलणं पाड्यावर एकदा सुटलं की त्याला दवाखाना, जंतू, डॉक्टर काही उरत नाही. नुसता हातच उरतो. तशी एक म्हातारी गंगीने पाहिली होती. बायका तिला बघून पोरं पदराखाली घ्यायच्या. ती मेली तोवर घेत राहिल्या.

राग मात्र पाड्याला समजतो. पंकजने आईला न विचारता वर्षाला घरात आणलं तेव्हा गंगी एक अख्खा पावसाळा तिच्याशी बोलली नव्हती. ते जुनं झालं होतं, पण सगळ्यांच्या ध्यानात होतं. गंगीने तेच उकरून काढलं.

"माझ्या लुगड्यात तिचं पोर नको," ती म्हणाली. "तिच्या आयशीच्या लुगड्यात गुंडाळ. आणलंय ना तिनं? जा."

पंकजचं तोंड रुमालामागे होतं, पण डोळे दिसत होते. तो डबा स्टुलावर ठेवून निघून गेला. आवार ओलांडताना त्याने एकदाही मागे बघितलं नाही. गंगी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग ती लुगड्यात तोंड खुपसून रडली. आपलंच नातवंड, आणि त्याला नको म्हणायला आपलीच जीभ वळली, ह्याचं तिला फार वाईट वाटलं.

सिस्टर आली तेव्हा गंगीने तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

"मी बोलते तुमच्या मुलाशी," सिस्टर म्हणाली. "हे कायमचं थोडंच आहे? पाय बरा झाला की संपलं. आणि लुगडं गरम पाण्यात उकळून घेतलं की झालं."

"नको बोलू, बाय. रागावली म्हनतील. रागावलेल्या आजीला पुढं पोर घेऊ देतात."

सिस्टर बरं म्हणाली. मग तिने लुगडं उकळायला नेण्यासाठी वेगळ्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि मोजे काढायला दाराजवळ गेली.

पंकज त्यानंतर डबा दाराबाहेर बसणाऱ्या दवाखान्याच्या बाईकडे देऊन जायला लागला.

वर्षाला घरी सोडलं त्या दिवशी ऊन फार होतं. फाटकात जीप लागली होती. पंकज सामान चढवत होता, विहीणबाई तुळशी पुढच्या सीटवर बसली होती. गंगी गज धरून उभी होती. वर्षा वॉर्डातून बाहेर आली, हातात हिरव्या लुगड्याचं गाठोडं घेऊन. हिरवं म्हणजे तुळशीचंच. आता ही सरळ जीपकडे जाणार, गंगीने मनाची तयारी केली होती. पण वर्षा वळली आणि आवारातून खिडकीकडे आली. खिडकीपासून चांगली लांब, चिंचेच्या सावलीत थांबली.

"आत्या," ती म्हणाली, "ते लुगडं त्या म्हातारीच्या पाठीखाली होतं ना?"

गंगी गजांजवळ आणखी सरकली.

"मी तपासायला आली होती तवा वॉर्डाच्या दारातून बघितलं. तू झोपली होती. माझ्या पोरासाठी ठेवलेलं परक्या बाईला दिलं, म्हनून मला लय राग आला. तशीच परत गेली." वर्षा गाठोड्याकडे बघत होती. "पंकज आला नि बोलला, आये लुगडं देत नाय, पोर नको बोलली. तवा मला समजलं, का देत नाय ते."

"त्याला सांगितलंस?"

"नाय."

"नको सांगू."

"नाय सांगत," वर्षा म्हणाली. "घरी ये तवा तूच घे हिला. मी कुनाला विचारनार नाय."

तिने हिरव्या लुगड्याचा काठ बाजूला केला आणि पोरगी थोडी वर धरली. एवढंसं तोंड, उन्हाने डोळे मिटून घेतलेले. गंगीचे हात आपोआप गजांतून बाहेर आले. वर्षा जागची हलली नाही, आणि तिने हलू नये असंच गंगीला वाटत होतं. गंगीने हात आत घेतले आणि पदराखाली दाबून धरले. फाटकातून पंकजने हाक मारली. वर्षाने काठ पुन्हा ओढला आणि ती गेली.

जीप वळणावरून दिसेनाशी झाली. गंगी खाटेवर येऊन बसली. पोरगी कुणाच्या वळणावर गेलीय, ते बघायचं राहूनच गेलं होतं. सगळा वेळ गंगी आपल्याच हातांवर लक्ष ठेवून होती.