बांधावरची हजेरी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना भोंगा आहे. मला तोंडं दोन, एक लहान आणि एक मोठं. पण स्वतःचा आवाज मात्र नाही. कुणी लहान तोंडाला ओठ लावले की माझ्या मोठ्या तोंडातून त्याचा आवाज शेतं ओलांडून जातो. कुणी नाहीच लावले, तर मी मुका. लातूरच्या एका वाचनालयात, जुन्या पंचांगांच्या कपाटावर मी कित्येक वर्षं असा मुका पडून आहे. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली आहे. 'जुना भोंगा, पत्र्याचा' एवढंच तिच्यावर लिहिलं आहे. खरं तर माझ्या पोटात बारा नावं आहेत. त्या नावांसाठीच आज बोलावंसं वाटलं.

माझा जन्म औशाच्या बाजारातला. इमामसाब तिथं रॉकेलच्या चिमण्या, चाळण्या आणि गाळणी करत बसायचे. त्यांनी तुपाचा रिकामा डबा कापला, गुंडाळला, कथलाचा डाग दिला आणि फुंकून पाहिलं. माझ्या कुशीवर डब्यावरच्या नारळाच्या झाडाचं अर्धं चित्र तसंच राहिलं. ते हसून म्हणाले, "जा बेटा, दूरतक बोल."

ते दिवस मोठ्या दुष्काळाचे होते. विहिरींचे तळ दिसत होते आणि माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती. लातूरच्या बाहेर औसा रस्त्यापासून आत एका पाझर तलावाचं काम निघालं होतं. तिथं हजेरी पुकारायला किशनराव नावाचे गृहस्थ होते. त्यांच्यासाठीच मला केलं होतं.

किशनराव मुळात कीर्तनकार. सगळे त्यांना बुवाच म्हणत. दिवसभर हजेरी पुकारायची आणि दिवस मावळला की दमलेल्या माणसांपुढं कीर्तन करायचं. मृदंग नव्हता, कुणीतरी घमेलं पालथं घालून ठेका धरायचं. पोटात काही नसताना माणसं इतकी डोलायची की मला नवल वाटायचं. कीर्तनात मात्र बुवा मला घेत नसत. म्हणायचे, "देव इथंच मांडी घालून बसलाय. त्याला भोंगा कशाला?"

सकाळी हजेरीची बेचाळीस नावं ते ओवीच्या चालीवर म्हणत. म्हणून ती त्यांना कागदाविना पाठ होती. दुपारी लेकरांसाठी सुकडीची, म्हणजे गूळ घातलेल्या भाजक्या पिठाची, सरकारी गाडी यायची. तेव्हा माझ्यातून हाक जायची, "सुकडी आली होऽऽ, लेकरं धाडा!" मग चुलींमागून, झुडपांमागून जर्मन धातूच्या ताटल्या घेऊन लेकरं धावत यायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला आवडलेली हाक ती एकच.

एका दुपारी मात्र वेगळं घडलं. त्या दिवशी एकादशी होती. बुवांनी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. उपासानं त्यांचा चेहरा कसा उजळला होता. सुकडीची गाडी आली तशी ते गाडीवानाला म्हणाले, "आज एकादशी आहे. आज कोण खाणार? गाडी परत ने. उद्या दुप्पट आण." आणि त्यांनी मला ओठांना लावलं, "आज एकादशी होऽऽ! आज सुकडी नाही! लेकरांनाही पुण्य लागू द्या!"

त्यांच्या मनात कपट नव्हतं. आपल्याला जे गोड लागतं ते सगळ्यांनाच गोड लागत असेल, असं त्यांना वाटलं. हजेरी पुकारणाऱ्याला, त्यातून बुवाला, कोण बोलणार?

एकच बाई पुढं आली. सरजाबाई. तिचं घर बौद्धांचं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "बुवा, एकादशी तुमची. आमच्या लेकरायला कशापायी घडवून राहिला?"

बुवा म्हणाले, "एका दिवसानं काय होतं, बाई?"

"तुम्ही पुण्य खाऊन जगाल. माझी पोर काय खाईल?"

तोवर गाडी वळणापलीकडं गेली होती. लेकरं रिकाम्या ताटल्या घेऊन उन्हात तशीच उभी होती. एकीनं तर ताटली चाटून पाहिली. दुसऱ्या दिवशी हजेरीत सरजाबाईचं नाव आलं, तेव्हा कुणी 'हजर' म्हणालं नाही. ती लेकीला घेऊन मुदखेडकडं, भावाकडं निघून गेली होती. बुवांनी नाव तीनदा पुकारलं.

पुढं पाऊस झाला. काम संपलं, तलाव भरला. बुवांनी मला कीर्तनाच्या उपरण्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. नऊ वर्षं मी अंधारात होतो. मला वाटायचं, बुवा माझ्यावर रागावले असतील. ते शब्द बाहेर पडले ते माझ्याच तोंडातून ना! पुढं कळलं, ते माझ्याकडं बघूच शकत नव्हते.

मग लातूर जिल्हा झाला. पताका लागल्या, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि परगावचे साहेबलोक बदलून आले. संध्याकाळी करायचं काय, हा त्यांच्यापुढं प्रश्न. एका साहेबांच्या मंडळींनी लिंबाजी टांगेवाल्याला विचारलं, "काय हो, लातुरात बघण्यासारखं आहे तरी काय?"

लिंबाजी म्हणाला, "बघायला काय बी न्हाई, बाईसाहेब. पर दाखवणारा लई भारी हाय."

त्यानं टांगा थेट बुवांच्या दारात आणला. तिथून सांजफेरी सुरू झाली, आणि नऊ वर्षांनी बुवांनी मला फळीवरून उतरवलं.

बुवांनी फेरीची आखणी कीर्तनासारखी केली. सिद्धेश्वराच्या पायऱ्यांवर नमन. मग गोलाईच्या, म्हणजे गावमधल्या गोल बाजारपेठेच्या, माडीवर पूर्वरंग. तिथून खाली चारी दिशांना रस्ते फुटलेले दिसत, आणि दुकानांचे दिवे एकामागून एक लागत जात. बुवा म्हणत, "मंडळी, इतक्या वाटा, पण कुठूनही या, मध्यभागी एकच जागा आहे. संसाराचंही असंच." मालधक्क्याजवळच्या उंचवट्यावरून छोटी रेल्वे शेंगदाण्याच्या वासात धूर सोडत निघालेली दिसे. तिथं मध्यंतर. सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागायचा. साहेबही वाकायचे.

उत्तररंग मात्र तलावाच्या बांधावर. पाणी तांबडं झालेलं, पलीकडं लातूरच्या दिव्यांची बारीक ओळ. बघणाऱ्यांना वाटे, वा, काय देखावा आहे! तिथं बुवा मला उपरण्यातून काढत.

"मंडळी, हा देखावा देवानं केला, पण बांध माणसांनी घातला. त्यांची हजेरी घेऊ. ती इथं नाहीत. त्यांच्या नावाला तुम्ही 'हजर' म्हणा."

मग ती बेचाळीस नावं माझ्यातून पाण्यावर जात. साहेब, त्यांच्या मंडळी, पाहुणे, सगळे प्रत्येक नावाला 'हजर' म्हणत. आधी हसू येई, मग हळूहळू आवाज जड होई. पण सरजाबाईचं नाव आलं की बुवा हात वर करत. त्या नावाला कुणी उत्तर द्यायचं नाही. ते थांबत. पाण्यावरून टिटवी ओरडत जाई. मग पुढचं नाव.

"यांचं काय, बुवा?" कुणी विचारी.

"त्या यायच्या आहेत."

कधीकधी पाहुणे येतच नसत. तरी लिंबाजी टांगा जुंपून यायचा आणि आम्ही तिघंच बांधावर जायचो. मग एकेचाळीस नावांना लिंबाजीच 'हजर' म्हणायचा. मध्येच वैतागून म्हणे, "बुवा, म्या येकटा किती जणायचा हजर होऊ? घोड्याला बी शिकवा जरा."

बुवा हसत. पण त्या नावाशी आले की तोही गप्प होई. त्या गप्प वेळेत मला फार एकटं वाटायचं, मित्रांनो. हाक गेली आणि उत्तर आलं नाही, तर ती हाक परत भोंग्यातच येऊन बसते. माझ्या पत्र्यात अशा शेकडो हाका बसल्या आहेत.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली, त्या साली पावसानं पुन्हा ओढ दिली. तलावाचं पाणी आत आत सरकलं आणि कडेचा चिखल भेगाळला. अशा एका संध्याकाळी नव्या कचेरीतली काही माणसं फेरीला आली. त्यांत विशाखा नावाची तरुण कारकून होती. सरजाबाईच्या नावाशी बुवा थांबले, तेव्हा ती दचकली एवढं मी पाहिलं.

पुढच्या रविवारी ती परत आली. बरोबर तिची आई होती. आईनं ना गोलाई पाहिली, ना बुक्का लावून घेतला. ती टांग्यात पाठमोरी बसून राहिली. बांधावर आल्यावर खाली उतरली आणि मागं एका दगडावर टेकली.

हजेरी सुरू झाली. नाव आलं, "सरजाबाई!" बुवांनी हात वर केला. टिटवी ओरडली.

मागून आवाज आला, "थांबू नगा. फुडचं नाव घ्या."

बुवा वळले.

"मीच सरजाबाई. लेकीनं सांगितलं, कोन बुवा बांधावर माझ्या नावानं थांबून राहतोय. म्हून आले."

बुवांनी टोपी काढली. ती खाली ठेवून ते म्हणाले, "चुकलो, माय. बारा वर्षं मनातून हाक मारतोय. मला माफ कर."

"चुकला ते मला ठावं हाय. माफ कराया मी आले न्हाई." ती उठून पुढं आली. "माझं नाव पुकारून काय उपेग, बुवा? मी मोठी हुते. मला उपास निभला. भुकी ती लेकरं हुती. त्यांची नावं तुमच्या मस्टरात कवा हुती का?"

खरंच, मित्रांनो. बेचाळीस नावं कामाची होती. ताटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या लेकरांचं एकही नाव बुवांना ठाऊक नव्हतं. तीन वर्षं आम्ही दोघं चुकीच्या नावाशी थांबत होतो.

"द्या ते इकडं," सरजाबाई म्हणाली आणि तिनं मला घेतलं. माझं मोठं तोंड आपल्या तोंडाला लावलं.

लिंबाजी हळूच म्हणाला, "मावशी, उलटं धरलंय."

"मला काय ठावं! मी जल्मभर ऐकनारी, पुकारनारी व्हय?" तिनं मला फिरवलं, आणि थोडं हसलीही. मग खणखणीत हाक मारली, "विशाखा!"

"हजर," विशाखा म्हणाली.

"खाजा!"

कुणी बोललं नाही.

"रत्नम्मा! गौतम! मुक्ता! कोंडिबा!..." अशी विशाखानंतर अकरा नावं तिनं घेतली. तिच्याच वस्तीतली होती, बाहेरची होती, उपास धरणाऱ्यांच्या घरातलीही होती. ती लेकरं आता कुठं होती कुणाला ठाऊक; त्यांच्या जागी 'हजर' म्हणायला कुणी धजलं नाही. प्रत्येक नावानंतर तिनं वाट पाहिली, आणि पुढचं घेतलं.

मी काय करणार? मी फक्त दूरवर नेत होतो.

शेवटचं नाव संपलं तेव्हा बुवा म्हणाले, "बाई, ही माझ्या चालीत बसत नाहीत. विसरतील. लिहून द्या."

कागद कुणाकडं नव्हता. लिंबाजीनं टांग्याच्या खोक्यातून नालाचा एक खिळा काढून दिला. टांग्याच्या दिव्याशी बसून विशाखानं ती बाराही नावं माझ्या मोठ्या तोंडाच्या आतल्या अंगाला कोरली. दुखलं मला; पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात काही राहिलं.

जाताना बुवांनी विचारलं, "परत याल ना?"

सरजाबाई म्हणाली, "बोलवा. पर आधी त्या लेकरायला बोलवा."

त्यानंतर चार वर्षं बुवा होते. रोज फेरीच्या शेवटी ते माझ्या तोंडात डोकावून ती नावं वाचत. दर एकादशीला घरून सुकडी करून आणत आणि बांधावर ढोरं वळणारी, सरपण वेचणारी जी लेकरं दिसतील त्यांना आधी नाव विचारत, मग वाढत. स्वतः उपाशी असत. "उपास माझा, ताट तुमचं," म्हणत. सरजाबाई दोनदा आली. दगडावर बसून बघून गेली. माफ केलं असं कधी म्हणाली नाही. पण दुसऱ्या वेळी बुवांच्या हातची सुकडी तिनं घेतली आणि उभ्यानंच खाल्ली.

मग बुवांचा आवाज बसला, आणि एके दिवशी बुवाच गेले. रिक्षा आल्या, लिंबाजीनं घोडा विकला. मी विशाखाबाईंकडं आलो, पण त्यांचीही बदली नांदेडला झाली. "इथं नीट राहील," म्हणून त्यांनी मला या वाचनालयात दिलं. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं मला बाहेरून पाहिलं. आत डोकावला नाही.

मित्रांनो, पावसाळ्यात या कपाटामागची भिंत ओली होते आणि मला गंज चढतो. गेल्या साली कोंडिबाचं नाव गेलं. रत्नम्माचं अर्धं उरलं आहे. मी जुना पत्रा आहे, माझं काही नाही. पण नावं गेली तर हाक कुणाला मारायची?

म्हणून एक विनंती आहे. जेवायला बोलवाल तेव्हा यादीतल्यांना बोलवाच, पण यादीबाहेर कोण ताटली घेऊन उभं आहे तेही बघा. आणि कधी लातुरात आलात, तर दिवस मावळायच्या आत मला इथून मागून घ्या. फार जड नाही मी. बांधावर न्या, आतली नावं वाचा आणि मोठ्यानं पुकारा. पहिल्या नावाला उत्तर मिळालेलं आहे.

पुढच्या नावांपाशी थोडं थांबा.