बुधवारचा अंदाज

बाबांनी स्टुलावर दुसरा पाय ठेवला तसं स्टूल डुगडुगलं. तिने हातातलं पुस्तक काखेत मारलं आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"पाडशील मला," बाबा म्हणाले.

"मी धरलंय म्हणून पडत नाही आहात."

"हेच तुझी आई म्हणते. चाळीस वर्षं."

खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी फळ्यावर नवी ओळ आखली. फळा शाळेतल्याएवढा मोठा, किनाऱ्यावरच्या त्यांच्या लाकडी खोलीच्या समुद्राकडच्या भिंतीवर, पत्र्याच्या पाखाखाली टांगलेला. तो वाचायचा तर समुद्राकडे पाठ करावी लागे. खोलीत सर्फबोर्डांची रांग होती. बाबा त्यांना सरळ फळ्या म्हणत. फळ्या भाड्याने द्यायच्या, तुटलेल्या जोडायच्या, नवशिक्यांना लाटेवर उभं राहायला शिकवायचं आणि फळ्यावर येत्या आठवड्याची लाट आणि वारा लिहायचा, हा त्यांचा धंदा. या शेवटच्या कामाचे पैसे मिळत नसत. बहुतेक म्हणूनच ते सगळ्यात मन लावून करत.

एरवी सात दिवसांचा अंदाज असे. आज एकवीस दिवसांचा होता. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे स्टुलावर चढायला बंदी घातली होती. तिनेही त्यासाठीच रजा काढली होती.

"तीन आठवड्यांनंतरचा वारा तुम्हाला आज कसा कळतो?"

"नाही कळत."

"मग?"

"लोकांना काहीतरी वाचायला लागतं. तू नाही का सारखी वाचत?"

फळ्यावर तीन रकाने होते. पहिल्यात लाटेची उंची, तीही गुडघा, कंबर, छाती, डोकं अशी, कारण माणूस पाण्यात मोजपट्टी घेऊन जात नाही असं बाबांचं म्हणणं. इंटरनेटवर छाती असली की ते कंबर लिहीत. कमी सांगावं, माणूस खूश होऊन परत येतो. दुसऱ्या रकान्यात वारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असला की लाट ताठ उभी राहते, दुपारचा खारा वारा सुटला की तिचा चिखल होतो. तिसरा रकाना शेऱ्याचा. किनाऱ्यावर येणारे निम्मे लोक फक्त तो वाचायला येत.

*शनिवार. छाती. मतलई, नऊपर्यंत. शेरा: नवशिक्यांनी यावं, शहाण्यांनी आधी यावं.*

*सोमवार. कंबर. वारा माझ्या मेहुण्यासारखा. येतो म्हणाला की दुपारी उगवतो.*

*मंगळवार. उधाणाची भरती. पोहता येत नसेल तर गुडघ्यावर पाणी म्हणजे आगाऊपणा.*

बुधवारच्या ओळीला मात्र त्यांनी अंदाज टिपलेली वही उघडली नाही. सरळ लिहिलं: *समुद्र झोपलेला. येऊ नका.* पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्याही बुधवारी तेच.

"तुमचा बुधवार लहानपणापासून बघतेय मी," ती म्हणाली. "नेहमी चुकतो."

"चुकतो म्हणून तर अंदाज. न चुकणाऱ्याला वेळापत्रक म्हणतात." ते सावकाश खाली उतरले, खडूचे हात शर्टाला पुसले. "या बुधवारी मी दवाखान्यात असेन. तू उतर पाण्यात."

"तुम्ही नसताना?"

"मग तर उत्तमच. बघायला कोणी नाही."

"बाबा, आता कुठे. छत्तीस वर्षांची घोडी झाले. अठरा वर्षांत हात लावला नाही फळीला."

"प्रसंग पडला तर टिटवी समुद्र आटवते. तुला नुसतं भिजायचंय, टिटवे."

"बघू."

त्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. बाबांनी स्टूल उचलून भिंतीशी लावलं. परतताना वाटेवर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. गुडघ्यासाठी, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला, एका फळीची चीर सँडपेपरने घासता घासता, बाबा खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्याचा काही संबंध नव्हता. आईला याचंच राहून राहून नवल वाटे.

"सहा महिने गुडघा गुडघा करून डोकं खाल्लं माझं," येईल त्याला ती सांगे, "आणि गेले कशाने!"

पहिले दोन बुधवार माणसांच्या ये-जा करण्यात निघून गेले. ते आले कधी, गेले कधी, हेही कळलं नाही. नंतर घर हळूहळू रिकामं झालं. एका सकाळी आई झाडू हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहिलेली तिने पाहिली.

"काय झालं?"

"वाळू नाही," आई म्हणाली. "चाळीस वर्षं मी ओरडले, पाय धुऊन घरात या म्हणून. आता बघ, लादी कशी आरशासारखी. काय करू हिचं?"

त्या दिवसापासून लेक सकाळी किनाऱ्यावर जाऊ लागली. येताना पाय धूत नसे.

फळा होता तसाच होता. सरलेला दिवस बाबा रोज सकाळी बाहीने पुसून टाकत. आता पुसायला कोणी नव्हतं, त्यामुळे गेलेले दिवसही येणाऱ्या दिवसांच्या डोक्यावर तसेच बसून होते. नेहमीची मंडळी रोज यायची. त्यात दोघं सगळ्यांत जुनी. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, पासष्टीच्या, रोग्याला ओरडावं तशा लाटेला ओरडणाऱ्या. दुसरा बेकरीवाला, पहाटेची भट्टी उरकून येणारा, भुवयांत कायम पीठ. ही मंडळी फळा वाचत, मग समुद्राकडे वळून पाहत, मग पुन्हा फळा वाचत. गुरुवारी बाबांचा अंदाज बरोबर आला. शुक्रवारी वारासुद्धा मिनिटाला धरून फिरला.

"बघितलंस?" बेकरीवाला तिला म्हणाला, जणू तिनेच शंका काढली होती.

शनिवारी फळ्यावर *डोकं* लिहिलं होतं आणि शेरा होता: *ज्यांनी इच्छापत्र केलं नसेल त्यांनी काठावर बसावं.* समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सपाट होता. मंडळी तरीही पाण्यात गेली. आठ जण आपापल्या फळीवर पाय सोडून तरंगत बसले, लाटेची वाट पाहत आणि बाबांना नावं ठेवत.

"गेला तरी थापा सुटल्या नाहीत याच्या!" डॉक्टरीणबाईंचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला.

"अहो, डोकं म्हणजे त्याचं डोकं. त्यात काय होतं ते आज दिसलं!" बेकरीवाला ओरडला.

ती वाळूत बसून हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते लक्षात आल्यावरही थांबली नाही.

बाहेर आल्यावर बेकरीवाल्याने केस पिळत विचारलं, "खोलीचं काय ठरवलंय?"

"काहीच नाही. गुरुवारी मला परत जायचंय. ग्रंथालयात माझ्याविना किती दिवस कळ काढतील?"

"आणि अंदाज?"

"तुमच्या फोनवर असतो की."

"फोनवर शेरा नसतो," तो म्हणाला आणि फळी डोक्यावर घेऊन गेला.

तिसऱ्या बुधवारी पहाटे तिला वाऱ्याने जाग आली. समुद्राकडच्या खिडकीचा पडदा आत न येता बाहेर ओढला जात होता. मतलई वारा, इतकं तिला अजून समजत होतं. तिने बाबांचा जुना शर्ट अंगावर चढवला, खोलीची किल्ली घेतली.

आई जागीच होती. "बुधवार ना आज?" एवढंच म्हणाली, आणि कुशीवर वळली.

वाटेवर तिला जुने बुधवार आठवले. अकरा वर्षांची असताना ती सगळ्यांसमोर फळीवरून अशी काही आपटली होती की अख्खा किनारा हसला होता. त्यानंतर महिनाभर ती समुद्राकडे फिरकली नाही. मग बाबा म्हणाले, बुधवारी चल, तुझी शाळा उशिरा भरते, आणि बुधवारी तिथे चिटपाखरू नसतं. ते खरंच होतं. लाटा असत, वारा असे, माणसं नसत. तरीही तिने अट घातली: बाबा, तुम्हीपण बघायचं नाही. बाबांनी ताबडतोब स्टूल उचललं, समुद्राकडे पाठ केली आणि फळ्याकडे तोंड करून बसले. सात वर्षं, दर बुधवारी. ती पाण्यातून आली की पाठमोरेच विचारत, "जमलं?" आणि ती म्हणे, "हं." पडली तरी हं, उभी राहिली तरी हं. मग कॉलेज, मग नोकरी, मग पुस्तकं. फळी खोलीतच राहिली.

शेवटच्या वळणावर समुद्र दिसला आणि ती थांबली. छातीएवढ्या लाटा, एकामागे एक, ओळीत. वारा त्यांचे माथे मागे उडवत होता. असा दिवस वर्षातून दहा वेळा येत असेल. पाण्यात एकही माणूस नव्हता.

मंडळी वाळूत होती. सगळी होती. अंगात रबरी कपडे, पाय घसरू नये म्हणून फळ्यांना मेण लावलेलं, हातात चहाचे कप, मध्ये गरम पावांची पिशवी.

"आत का नाही गेलात?"

"लिहिलंय ना," डॉक्टरीणबाई फळ्याकडे मान उडवून म्हणाल्या. "समुद्र झोपलेला, येऊ नका."

"मावशी, मागे बघा एकदा."

"बघितलं. सव्वासहापासून बघतोय. काळीज तुटतंय."

"मग?"

शेवटी बेकरीवाल्याने पाव मोडला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तू आपटली होतीस ना लहानपणी, तेव्हा पहिला मी हसलो होतो. माझं बघून बाकीचे हसले. दुसऱ्या दिवशी तुझे बाबा बेकरीत आले. मला वाटलं, आता मार खातो. तर म्हणाले, बुधवारी आठपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. मी फळ्यावर लिहीन, तुम्ही विश्वास ठेवायचा."

"कसला विश्वास, समोर समुद्र उसळतोय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ठेवला. घरीच बसायचो तेव्हा. एकदा तर बुधवारी अशी लाट होती, अशी, की मी त्या दिवशी एका माणसाचा चुकीचा दात काढणार होते."

ती फळ्याकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "पण मी गेले त्याला अठरा वर्षं झाली."

"आम्हीपण तेच म्हटलं त्यांना. पोरगी गेली, आता बुधवार सोडा आमचा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आली तर?"

वारा फळ्यावरून गेला आणि गेल्या आठवड्यातल्या एका दिवसाची थोडी भुकटी घेऊन गेला. तिने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. एकदा दुमडल्या, सोडल्या, पुन्हा दुमडल्या. मग किल्लीने खोली उघडली. तिची फळी कोपऱ्यात होती. तिच्यावर धूळ नव्हती, आणि मेण नवं होतं.

ती फळी घेऊन बाहेर आली तेव्हा मंडळींनी जागा बदलली होती. आठही जण फळ्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून, शाळेतल्यासारखे मांडी घालून बसले होते.

"आम्ही वाचतोय," डॉक्टरीणबाई समोर बघत म्हणाल्या. "तुझं चालू दे."

एकाची मान जराशी वळली तशी त्यांनी त्याला कोपर मारलं.

पाणी गार होतं. पहिल्या लाटेने तिला उचलून सरळ उलटं केलं. नाकात, कानात, शर्टात समुद्र. दुसऱ्या लाटेवर ती गुडघ्यांवर उठली आणि बाजूला कोसळली. ती खोकली, हसली, घोट्याला बांधलेली फळीची दोरी ओढून पुन्हा पोटावर आडवी झाली. तिसरी लाट मागून आली तेव्हा हात आपोआप पाणी मारू लागले. फळी सुटली. तिने तळवे टेकले, पाय आत ओढले, आणि उभी राहिली.

वारा समोरून तोंडावर येत होता. पायाखाली लाट, पुढे किनारा: आठ पाठी, त्यांच्या पलीकडे फळा, आणि फळ्याखाली भिंतीशी लावून ठेवलेलं रिकामं स्टूल. एकही मान वळली नव्हती. ती अजून उभी होती. अजून. खारट घशातून, किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती ओरडली.

"बाबा, बघा! बाबा, इकडे बघा ना!"