आयुष्यात एकदाच

कारखान्याला टाळं लागलं, त्याच संध्याकाळी हे नेहमीसारखे पखवाजाला कणीक लावून कीर्तनाला बसले. बुवांनी हरीचं नाव घेतलं नि ह्यांचा हात असा काही पडला, की मला वाटलं, चला, माणूस शाबूत आहे. देवाची कृपा.

भाईंदरच्या त्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात हे डिस्पॅच सांभाळायचे. मालकाने धंदाच गुंडाळला, सगळे घरी. महिना उलटून गेला नि भूपेश नावाच्या ठेकेदाराचा फोन आला. वरसाव्याला गोडाऊनवर वॉचमन हवा, कायमची रात्रपाळी, सुट्टी नाही. सोमवारपर्यंत कळवा.

"घेतो मी," हे म्हणाले.

"आणि गुरुवारचं कीर्तन? रोज रात्री तिकडे बसलात तर पखवाज कोण धरणार?"

"पोट आधी, शैला. बुवांना दुसरा कुणी मिळेल."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. त्यातच सगळं आलं.

दुपारी नया नगरची हिना आली. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. बसायच्या आधीच विचारलं, "उत्तमभाई, क्लेम भरा के नहीं? मैंने तो भर दिया."

"कसला क्लेम गं?" मी विचारलं.

"अरे भाभी, आमच्या सगळ्यांच्या पगारातून ईएसआयचा विमा कटत होता ना? नोकरी गेली तर त्यातून अर्धा पगार मिळतो. तीन महिन्यापर्यंत. तोवर ढंगाची नोकरी शोधायची."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे म्हणाले, "माहितीये मला. पण ते आयुष्यात एकदाच मिळतं. आत्ता हातपाय धड आहेत. उद्या खरीच वेळ आली तर? राखून ठेवू."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या लग्नातला डिनर सेट अजून माळ्यावर खोक्यात आहे. 'कुणी खास आलं की काढू.' आता ह्यांनी बेकारीचा पैसासुद्धा कुठल्यातरी खास बेकारीसाठी राखून ठेवला होता!

हिना म्हणाली, "उत्तमभाई, ये फ्रीज में रखने की चीज़ है क्या?"

"तू चहा घे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीच ह्यांना ईएसआयच्या शाखेत घेऊन गेले. टेबलावर उर्मिला मॅडम होत्या. ह्यांनी विचारलं, "मॅडम, आत्ता नाही घेतलं, पुढे कधी गरज लागली तर मिळेल ना?"

"पुढे म्हणजे पुढची नोकरी गेल्यावर?"

"हो."

"मग त्या नोकरीचं बघणार ना आम्ही. त्याआधीची दोन वर्षं तरी ईएसआयमधली नोकरी लागते. आता कुठे लागताय?"

"वरसाव्याला. वॉचमन."

"तिथे ईएसआय कापतात?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. भूपेश रोख हातात ठेवणार होता. कापायचा प्रश्नच नव्हता.

"मग राखून काय ठेवताय, काका?" मॅडम म्हणाल्या. "नोकरी जाऊन महिना झालाय, कारखाना मालकाने बंद केलाय. आत्ता भरा. आम्ही तपासू, नियमात बसलं की थेट बँकेत जमा."

बाहेर आल्यावर हे जिन्यातच थांबले. "शैला, संपलं की संपलं गं. परत नाही."

"अहो, कीर्तन झालं की हातावर प्रसाद पडतो. तुम्ही तो डबीत बंद करून ठेवता का, पुढच्या वर्षी जास्त भूक लागेल म्हणून? मुंग्या खातील तो. तुमच्या पगारातून इतकी वर्षं कापलं ते ह्याच दिवसासाठी. देवाने बरोबर वेळेला वाढलंय, हात पुढे करा."

हे दोन पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "हिनाला फोन लाव. ती साइट कशी उघडायची विचार."

आधार, पासबुक, सगळं घेऊन हिनाबरोबर बसून अर्ज भरला. "काम नाही" हे लिहिताना ह्यांचं बोट जरा अडलं. मग दाबलं.

सोमवारी भूपेशचा फोन. मी कणीक मळता मळता कान दिला.

"नहीं आऊँगा, भाई," हे म्हणाले. "मेरे को दिन का काम मंगता है. डिस्पॅच का. ईएसआय कटनेवाला."

पलीकडचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, "नौकरी है नहीं, और इतना नखरा?"

"नौकरी नहीं है," हे म्हणाले, "टाइम है."

फोन ठेवून मला म्हणाले, "शैला, इस्त्रीचा शर्ट काढ. नवघर रोडच्या गाळ्यांत विचारून येतो. आणि बुवांना सांग, गुरुवारी मी आहे."